भाचीसाठी सेकंडहँड रोडबाइक शोधली त्याची गोष्ट

"मामा, पानशेतवरून येताना माझे हात बधिर होतात आणि ग्रुपमधले सगळे पुढे निघून जातात, मला आता रोडबाइक घ्यायचीय, पस्तीस हजारात बसेल का?" जानेवारीत भाचीचा हा फोन आला आणि पुढचे चार रविवार आम्ही दोघं पुण्यात सायकली बघत फिरलो. हडपसर, वाकड, पेठा, चिंचवड. नव्याने सायकल चालवायला लागलेल्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न असतो, पहिली हायब्रीड घेतलेली असते, वर्ष-दीड वर्ष ती चालवून झालेली असते, आता पुढे जायचंय पण लाख रुपये घालायचे नाहीत, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

भाचीबद्दल आधी थोडं सांगतो. वय चोवीस, उंची पाच फूट दोन इंच, बाणेरला नोकरी. तिची हायब्रीड म्हणजे पुढे सस्पेन्शन, सपाट हँडल, तीन गुणिले सात गिअर. आमच्याकडे बॅगा तोलायचा हुकवाला काटा आहे त्याला टांगून बघितली तर साडेचौदा किलो भरली. तरी पोरीने त्याच सायकलवर दीड हजार किलोमीटर केलेत, खडकवासला, पानशेत, एकदा मुळशीपर्यंत. आता तिच्या डोक्यात बीआरएम शिरलंय, म्हणजे लांब पल्ल्याची वेळेत संपवायची राइड, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचं असतं ते. मला तिचं फार कौतुक वाटतं हे इथे लिहूनच टाकतो.

पण फोनवर मी लगेच हो म्हटलं नाही. आधी तिची हायब्रीड बघितली. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे अंगाचा सगळा भार हातांवर यायचा आणि तळव्याच्या कडेची नस दाबली जायची. सीट सपाट केली, हँडल थोडं वर फिरवलं, पुढच्या रविवारी म्हणाली बधिरपणा निम्मा कमी झाला. हे सगळ्यांनी आधी करून बघा, फुकट आहे. पण निम्मा राहिलाच, आणि त्याचं कारण सपाट हँडलला हात ठेवायची जागाच एक असते. तीन-चार तास एकाच जागी हात धरून बसलं की दुखणारच. रोडबाइकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलला वर, हुडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी बुडावर), खाली अशा तीन जागा मिळतात, दर पंधरा मिनिटांनी हात हलवता येतो. शिवाय पानशेत रस्त्याला धरणाच्या बाजूने समोरून वारा आला की सपाट हँडलवर ताठ बसलेल्या माणसाची छाती म्हणजे शीडच होते. तेव्हा तिची गरज खरी होती.

नवीन का नाही? बघितली ना नवीन. २०२५ च्या सप्टेंबरमधे सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्यामुळे थोडा फरक पडला, पण आम्ही ज्या दुकानांत गेलो तिथे पस्तीस हजारांत शिमानो टूर्नी गिअरची रोडबाइकच बसत होती. टूर्नी वाईट नाही, रोज कॉलेजला जायला चालेल, पण टूर्नीच्या रोड शिफ्टरमधे एका दिशेने गिअर टाकायचं बटण हुडच्या आतल्या अंगाला असतं, अंगठ्याने दाबायचं. हात हुडवर असतील तर ठीक, खाली ड्रॉप्समधे धरून उतरत असाल तर अंगठा तिथे पोचत नाही. टूर्नीच्या वरचा शिमानोचाच क्लारिस सेट येतो, त्यात ब्रेकच्या लिव्हरमागे छोटी लिव्हर असते, दोन्ही ठिकाणांहून बोट पोचतं. बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट उतरताना हात काढून वर न्यायची वेळ येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून टूर्नी बाद केली आणि सेकंडहँड क्लारिस शोधायची ठरवलं.

क्लारिस म्हणजे मागे आठ गिअरचा सेट. त्याच्या वर सोरा नऊ, टियाग्रा दहा, १०५ अकरा (आता बाराही आलेत). नव्या माणसाला वाटतं जितके जास्त गिअर तितकं चांगलं, तर तसं नाहीये. आठवाल्याची चेन जाड असते, ती आणि तिची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) स्वस्त, गल्लीतल्या दुकानातही मिळते, आणि केबलचं ट्युनिंग जरा इकडेतिकडे झालं तरी गिअर निमूटपणे पडतो. अकरावाल्याचं तसं नाही, तो लाड मागतो. एक मात्र बघायचं, क्लारिसमधे २०१७ साली आलेली आर२००० ही पिढी बघा, तिच्या गिअरच्या केबल हँडलच्या टेपखालून जातात. त्याआधीच्या क्लारिसच्या केबल शिफ्टरच्या बाजूने बाहेर लोंबतात, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या, त्यामुळे फोटोवरून लांबूनच पिढी ओळखता येते. मेरिडा स्कल्टुरा १००, जायंट कंटेंड ३, स्कॉट स्पीडस्टर ५०, ट्रेक डोमाने एएल २, ही सगळी क्लारिसवाली मंडळी. शेवटी आम्ही घेतली ती यातलीच एक, पण कुठली ते लिहीत नाही कारण मग वाचणारे तेच एक नाव शोधत बसतात आणि साइझ विसरतात.

कारण साइझच सगळं आहे. हे मला इतकं मनापासून वाटतं की भाचीला मी एकही जाहिरात बघू दिली नाही आधी माप घेईपर्यंत. माप असं घ्यायचं, अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे घट्ट वर सरकवायचं, सीटवर बसल्यासारखं लागलं पाहिजे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. तिचं आलं ७४ सेंटिमीटर. याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, अमेरिकन रेसर ग्रेग लेमाँडमुळे ही पद्धत जगभर माहीत झाली. तिची आली ६५.३. याच ७४ ला ०.६७ च्या आसपास गुणलं की फ्रेमच्या साइझचा अंदाज येतो, म्हणजे ४८ ते ५०. हा नुसता अंदाज असतो, कंपनीगणिक फरक पडतो, पण निदान ५४ ची सायकल बघायला पेट्रोल जाळत वाकडला जायचं नाही एवढं कळतं.

आणि तरी आम्ही गेलोच. ५४ ची होती, १०५ चा सेट, एकदम लखलखीत, मागत होता ३४ हजार. भाचीला फोटो फार आवडला होता आणि मी म्हटलं चल, एकदा बसून बघ म्हणजे मोठी फ्रेम म्हणजे काय ते कायमचं कळेल. मालक म्हणाले, "अहो सीट खाली घ्या की, काय होतंय!" सीट खाली जाते हो, पण हँडल जवळ येत नाही ना. ती बसली तर कोपर ताठ, खांदे कानाला लागलेले, ब्रेकच्या लिव्हरला बोटांची टोकं जेमतेम. सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, मामा मान दुखतेय. एका चकरेत! आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) लावून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाचतात, पाच-सहा वाचत नाहीत. साइझ चुकली तर त्या सायकलवरचा बाकी कुठलाही खर्च ते दुरुस्त करू शकत नाही, म्हणून स्वस्तात मोठी फ्रेम मिळतेय या मोहात पडूच नका, विशेषतः कमी उंचीच्या मुलींनी, कारण बाजारात ५४-५६ चा महापूर असतो आणि ४८-५० साठी वाट बघावी लागते. आम्हाला तीन आठवडे लागले.

जाहिरातींबद्दल एक गोष्ट मधेच सांगतो कारण भाचीच्या मैत्रिणीचे पैसे यात गेलेत. फोटो छान, किंमत निम्मी, आणि समोरचा सांगतो मी फौजेत आहे, बदली झालीय, सायकल पार्सलने पाठवतो, तुम्हाला खात्री म्हणून मी एक रुपया पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला कोड कधीच स्कॅन करावा लागत नाही. फक्त द्यायला लागतो. सायकल हाताने हलवून बघितल्याशिवाय कुणालाही टोकन सुद्धा द्यायचं नाही, मग समोरचा कितीही गोड बोलत असो.

दुसऱ्या रविवारची सायकल माझ्या मनातून अजून जात नाही. पेठेत एका वाड्यात एक काका, तरुणपणी रेस करायचे, मुंबई-पुणे रेसमधे उतरलेले, बोरघाटाच्या चढाच्या आठवणी सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की आम्ही तासभर ऐकतच बसलो, काकूंनी पोहे दिले. काका स्वतः बुटके त्यामुळे फ्रेम बरोब्बर ५० ची. ॲल्युमिनियमची, नऊ गिअरची, इतकी निगुतीने ठेवलेली की चेनच्या प्रत्येक कडीवर हात फिरवला तरी बोट काळं होत नव्हतं. किंमत फक्त अठरा हजार. भाची माझ्याकडे बघायला लागली, घेऊया ना म्हणून.

मी खाली बसून पुढचे दाते मोजले. मोठं दातेरी चाक ५३, लहान ३९. मागे सगळ्यात मोठं २५.

आता इथे जरा गणित करू, कंटाळा करू नका कारण नव्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. एक पायडल पूर्ण फिरवलं की सायकल किती पुढे जाते ते बघायचं. रोडबाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३९ मागे २५ म्हणजे चाक १.५६ वेळा फिरणार, सायकल ३.२८ मीटर पुढे जाणार, हा तिचा सगळ्यात हलका गिअर. भाचीच्या हायब्रीडला पुढे २८ मागे २८, टायर जाड म्हणून घेर जरा जास्त, म्हणजे एका फेऱ्यात २.१७ मीटर. म्हणजे रेसच्या सायकलवर सिंहगड चढताना प्रत्येक फेऱ्याला तिला आत्तापेक्षा दीडपट जोर लावावा लागला असता! सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर, पायथ्याच्या गोळेवाडीपासून वरपर्यंत साधारण आठ-नऊ किलोमीटर नुसता चढ, आणि शेवटच्या वळणांवर तर विचारूच नका. सायकल चार किलोने हलकी झाली तरी या गिअरने गुडघे गेले असते. नव्या माणसाला पुढे ५०-३४ चा कॉम्पॅक्ट क्रँक आणि मागे ३२ पर्यंतची कॅसेट हवी, ३४ ला ३२ म्हणजे २.२३ मीटर, जवळजवळ तिच्या हायब्रीडएवढंच हलकं.

मग पुढचं लहान दातेरी चाक बदलून ३४ चं टाकता येईल का? नाही येत. त्या जुन्या क्रँकच्या पाच बोल्टांचं वर्तुळ १३० मिलिमीटरचं, त्यावर ३८ पेक्षा लहान चाक बसतच नाही. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा, २७ च्या पुढे जात नाही. म्हणजे क्रँक बदला, डिरेलर बदला, कॅसेट बदला, चेन बदला. काकांना मी हे सगळं खरंखरं सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं, म्हणाले, "बरोबर आहे, पोरीला आत्ता हे नको. दोन वर्षांनी पाय तयार झाले की ये." ही सायकल त्यांनी ज्याला विकली असेल त्याने ती तशीच जपावी एवढीच इच्छा.

तिसरी कार्बन होती. यावर थोडक्यात. ३६ हजारांत पूर्ण कार्बन फ्रेम, सोरा सेट, साइझ एस. ऐकायला स्वप्नच. मालकाला बिल विचारलं तर हरवलंय, क्रँकच्या खाली बीबीच्या (क्रँकच्या बेअरिंगच्या) कवचावर सीरियल नंबर असतो तिथे नवीन रंग मारलेला. खिशातलं पाच रुपयांचं नाणं काढून फ्रेमवर टकटक करत गेलो, सगळीकडे खणखणीत टक्-टक् आवाज आणि उजव्या चेनस्टेवर (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) एके ठिकाणी, साधारण दोन बोटं रुंद पट्ट्यात, थप्-थप्. वरून रंग अगदी गुळगुळीत. आतला धागा तुटलाय की वर पुटी भरलीय हे नाण्याने कळत नाही, कार्बन दुरुस्त करून देणारे लोक आहेत आणि ते चांगलं कामही करतात, पण उतारावर पन्नासच्या स्पीडला माझी भाची त्याच्यावर बसणार असेल तर मला शंका सुद्धा नको. नंबर झाकलेला आणि बिल नाही म्हटल्यावर चोरीची असायचीही भीती. पाच मिनिटांत निघालो.

चौथी सायकल चिंचवडला मिळाली, सहाव्या मजल्यावर, बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, वर चादर टाकलेली.

हे असं मिळणं हा योगायोग नाही. २०२० आणि २१ ला जिम बंद होत्या तेव्हा लोकांनी सायकलींवर उड्या मारल्या होत्या, दुकानांत महिनोन् महिने नंबर लावून थांबावं लागायचं. त्यातल्या कितीतरी सायकली आज बाल्कनीत, पार्किंगमधे, जिन्याखाली उभ्या आहेत, फार तर हजार किलोमीटर चाललेल्या. सेकंडहँड बघणाऱ्याने याच शोधाव्यात असं माझं मत झालंय. मालकाला जागा मोकळी हवी असते, आणि गिअर, बेअरिंग, रिम यांची झीज जवळजवळ नसतेच. फक्त एक ध्यानात ठेवायचं की न चालवलेल्या सायकलचं रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. आणि तो खर्च किंमत ठरवताना आधीच धरायचा.

मालक साधारण माझ्याच वयाचे, पाठीच्या ऑपरेशननंतर सायकल सुटलेली. बिल फाइलमधे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत मिळालेल्या रिफ्लेक्टरसकट जपून ठेवलेलं. अशा घरातली सायकल बघायला मला फार बरं वाटतं.

मग मी माझं काम सुरू केलं, भाचीला शेजारी बसवून, कारण पुढच्या वेळी तिचं तिला यायला हवं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटवर, म्हणजे हँडल फिरतं त्या बेअरिंगवर, ठेवली, कुठे टकटक जाणवते का, नाही जाणवली. क्रँकचे दोन्ही दांडे धरून आडवे हलवले, बीबीमधे खेळ नाही. चाकं उचलून फिरवली, ब्रेकच्या पॅडकडे बघत, मागचं चाक किंचित आउट होतं, एक-दीड मिलिमीटर, ते काढता येतं. रिमच्या ब्रेक लागतो त्या पट्टीवरून नख फिरवलं, सपाट होती, झिजलेली रिम आतल्या बाजूला खोलगट लागते. रिमवर झीज कळायला एक बारीकसा खड्डा दिलेला असतो तो अजून स्पष्ट दिसत होता. मोबाइलचा टॉर्च लावून वेल्डिंगचे सगळे सांधे बघितले, हेड ट्यूबच्या खाली आणि बीबीभोवती जास्त वेळ, ॲल्युमिनियम तिथेच तडकतं आणि आधी रंगावर केसासारखी रेघ येते. मागून उभं राहून डिरेलर लटकतो तो हँगर सरळ आहे का बघितलं. सीटपोस्ट सैल करून वरखाली केली, हे लोक विसरतात, वर्षानुवर्षं न हललेली सीटपोस्ट फ्रेममधे इतकी धरते की मग काहीही केलं तरी निघत नाही, आणि साइझ बरोबर असून सुद्धा सीट तुमच्या उंचीला येत नाही.

आणि मग चेन. यासाठी मी घरून शाळेतली स्टीलची फूटपट्टी नेली होती, इंचाची बाजू असलेली. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे चोवीस अंतरं मोजली की बरोब्बर बारा इंच. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवायचा, चेन पायडलला हात देऊन ताणून धरायची, आणि बारा इंचांच्या रेघेजवळची पिन कुठे येते ते वाकून बघायचं. रेघेवरच मध्य आला तर चेन नवीन. एक सोळांश इंचाने पुढे सरकला तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांशाने सरकला तर चेनसोबत कॅसेटही गेलीच समजायची, कारण ताणलेल्या चेनने दातेही तसेच झिजवलेले असतात, नवीन चेन त्यावर घसरते. भाचीनेच बघितलं, डोळा अगदी पट्टीला लावून, आणि म्हणाली मामा रेघेला जेमतेम चिकटून पुढे आहे, केसभर. म्हणजे मालक म्हणत होते सहाशे-सातशे किलोमीटर चाललीय ते खरं होतं. लोक खोटं बोलू शकतात, चेन नाही बोलत.

उणं काय होतं ते सांगतो. दोन्ही टायरच्या कडांना बारीक भेगा, नखाने दाबलं की उघडायच्या. ब्रेकचे पॅड दगडासारखे कडक. केबल आतून गंजलेल्या, मागचा गिअर टाकला की अडकून अडकून जायचा. हँडलची टेप चिकट झालेली. टायर २५ मिलिमीटर रुंदीचे होते आणि पुण्याच्या रस्त्यांना मला २८ हवे होते, पण रिम ब्रेकच्या सायकलमधे ते बसतील की नाही हे आधी बघावं लागतं. ६ नंबरची, म्हणजे ६ मिलिमीटरची, ॲलन की टायर आणि ब्रेकच्या मधून घालून बघितली, आरामात गेली, म्हणजे २८ चा टायर बसून वर तीनेक मिलिमीटर उरणार. डिस्क ब्रेक हवाच असं काही जण सांगत होते, पावसात तो चांगला हे खरंच आहे, पण या बजेटात डिस्कसाठी बाकी सगळ्यावर तडजोड करावी लागते आणि चांगल्या पॅडचे रिम ब्रेक नव्या माणसाला पुरेसे आहेत.

किंमत ३२ हजार सांगितली होती. मी घासाघीस करत बसत नाही, मला ते जमतही नाही आणि आवडतही नाही, मी त्यांच्यासमोर वहीत काय काय बदलावं लागणार ते लिहिलं आणि वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी वाचली, टायरच्या भेगा स्वतः वाकून बघितल्या, आत जाऊन बायकोशी बोलले आणि २६ ला तयार झाले. साध्या कागदावर लिहून घेतलं, सायकलचं नाव, सीरियल नंबर, तारीख, दोघांच्या सह्या, सोबत मूळ बिल. यूपीआयने पैसे दिले म्हणजे त्याचीही नोंद राहिली.

मग आमच्या नेहमीच्या मेकॅनिक भाऊंकडे. हिशेब जसाच्या तसा देतो. २८ चे दोन टायर २,८००, दोन ट्यूब ७००, ब्रेक पॅड ६००, आतल्या-बाहेरच्या सगळ्या केबल ९००, टेप ५००, आणि ९० चा होता त्याजागी ७० चा स्टेम ७००, मजुरी १,५००, त्यात हब आणि हेडसेट उघडून नवीन ग्रीस आणि मागच्या चाकाचा आउट काढणं आलं. ७,७०० झाले. एकूण ३३,७००. चेन आणि कॅसेटला हात लावावा लागला नाही, कॅसेट ११-३२ चीच होती. भाऊंनी गंजलेली केबल ओढून बाहेर काढली तेव्हा तिच्यावरून तांबूस पावडर गळत होती, भाचीने ती चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, याच्यामुळे गिअर अडकत होता होय? मग नवीन केबल तिनेच ओवली, भाऊ शेजारी उभे राहून सांगत होते, कुठे थेंबभर तेल, कुठे नको.

वजन साडेदहा किलो भरलं, त्याच काट्यावर. सीट ६५ वर लावली, ०.८८३ च्या हिशोबापेक्षा थोडी कमीच, नव्याने ड्रॉप हँडलवर येणाऱ्याला सुरुवातीला जमिनीवर पाय पोचायचा आत्मविश्वास हवा. हवा पुढे ६५ मागे ७० पीएसआय, ती पंचावन्न किलोची आहे, तिला यापेक्षा जास्त हवा म्हणजे नुसते दणके. बुटाला अडकणारे लॉकचे पायडल लगेच लावले नाहीत, साधेच ठेवले. एका वेळी एकच नवीन गोष्ट शिकावी.

पहिले दोन दिवस तिला सायकल फार बुजरी वाटली, हँडल जरा वळवलं की चाक लगेच वळतं म्हणून, हायब्रीडच्या सवयीने जोर लावत होती. एनडीए रोडला पहाटे रिकाम्या रस्त्यावर मी तिला फक्त तीन गोष्टी करायला लावल्या, हुडवरून ड्रॉप्समधे हात नेणं आणि परत आणणं, एका हाताने बाटली काढणं, आणि ड्रॉप्समधून दोन्ही ब्रेक दाबून थांबणं. तिची बोटं लहान, लिव्हर लांब पडत होती, ती भाऊंकडून थोडी आत घेतली. तिसऱ्या दिवशी पानशेतला गेलो. परतीला धरणाच्या बाजूने नेहमीसारखा वारा सुरू झाला, मी मागे होतो, बघतो तर ही ड्रॉप्समधे वाकून, कोपर सैल सोडून चाललीय आणि आमच्यातलं अंतर हळूहळू वाढतंय. खडकवासल्याच्या चौपाटीला थांबली, मी पोचेपर्यंत कणीस घेऊन उभी होती. हात पुढे करून बोटं उघडून-मिटून दाखवली, म्हणाली बघ, सगळी जागी आहेत.

सिंहगड मागच्या रविवारी केला. दोनदा थांबली, एकदा पाणी प्यायला आणि एकदा मीच थांबवली. ३४-३२ वरून वरच्या वळणांवर ती खाली बसूनच चढली, एकदाही उभं राहावं लागलं नाही. वर दही आणि पिठलं-भाकरी खाऊन उतरलो.

हायब्रीड सात हजाराला सोसायटीतल्या एका काकांनी घेतली, ते आता सकाळी दूध आणायला तीच नेतात. नव्या सायकलच्या स्टेमखाली अजून तीन स्पेसर, म्हणजे चकत्या, आहेत, म्हणजे हँडल वरच ठेवलंय. भाची म्हणते पाडव्यानंतर त्यातला एक काढून वर ठेवू, मग हँडल सेंटिमीटरभर खाली येईल. भाऊंना सांगून ठेवलंय की फोर्कची नळी कापायची नाही, परत वर न्यावंसं वाटलं तर नेता यायला हवं.